कडेला चिकटू नका: रहदारीतून सायकलने कामावर जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही सायकलने ऑफिसला जायला लागलात, एका बाजूचं अंतर ९ किलोमीटर. पहिले काही दिवस छान गेले. मग एका सकाळी उभ्या गाडीचं दार एकदम उघडलं, तुम्ही हँडल फिरवलं आणि मागून आलेली स्कूटर कोपराला घासून गेली. दोन दिवसांनी एका बसने ओव्हरटेक करता करता तुम्हाला पार कडेला दाबलं. तेव्हापासून तुम्ही फुटपाथला आणखीच खेटून चालवता, मागे हॉर्न वाजला की खांदे आखडतात, आणि विचारता आहात की आरसा लावू का, फुटपाथवरून जाऊ का, की सरळ सोडूनच देऊ.

सोडू नका. पण फुटपाथला खेटून चालवणं मात्र उद्यापासूनच बंद करा, कारण ज्या दोन प्रसंगांना तुम्ही घाबरलात ते दोन्ही त्या कडेनेच ओढवून आणले होते.

मी गेली १९ वर्षं रोज सायकलने कामावर जाते आणि त्यातली ११ वर्षं नव्याने सायकल धरलेल्या मोठ्या माणसांना रहदारीत चालवायला शिकवते. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची भीती एकच असते: मागून कुणीतरी येऊन उडवेल. ही भीती येणारच. मागचं दिसत नाही आणि आवाज तर सतत कानावर असतो. पण शहरातल्या रस्त्यावर सायकलला होणाऱ्या धडकांचा मोठा वाटा चौकात, वळणावर, गेटापाशी आणि उभ्या गाड्यांच्या रांगेजवळ असतो. मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांसमोर तुम्ही चांगले काही सेकंद असता. बोळातून बाहेर येणारा, समोरून वळणारा, दार उघडणारा यांच्याकडे तुमच्यासाठी एखादीच ओझरती नजर असते, आणि तेवढ्या नजरेत तुम्ही सापडला नाहीत तर त्यांच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नसताच. एक अपवाद इथेच सांगून ठेवते: शहराबाहेरचा वेगवान रस्ता, त्यात अंधार. तिथे मागून होणारी धडक खरोखरच जीवघेणी असते. त्यावर उपाय म्हणजे उत्तम मागचा दिवा, आणि जमत असेल तर तो रस्ताच टाळणं.

(पुढचं सगळं वाहतूक डावीकडून चालते असं धरून लिहिते आहे. तुमच्याकडे ती उजवीकडून चालत असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.)

आधी बसचा प्रसंग घेऊ. साधारण ३ मीटर रुंदीची लेन असते आणि बस अंदाजे अडीच मीटर रुंद, तेही बाहेर आलेले आरसे सोडून. म्हणजे बस लेनमध्येच राहिली तर शिल्लक राहतो अर्धा मीटर. तुमचं हँडलच त्याहून रुंद आहे. एकाच लेनमध्ये बस आणि सायकल शेजारी शेजारी मावतच नाहीत. तरीही तुम्ही कडेला सरकता तेव्हा बसचालकाला काय दिसतं? समोर जवळजवळ रिकामी लेन, आणि एका टोकाला बाजू देणारा सायकलवाला. तुमच्या सरकण्याचा अर्थ तो ‘या, जागा आहे’ असाच घेतो. मग तो घुसतो, अर्ध्या वाटेत समोरून काहीतरी येतं, आणि तो डावीकडे सरकतो, म्हणजे तुमच्यावर. बसचालकाला मी निर्दोष ठरवत नाही. दोष त्याचाच आहे. पण तशी संधीच त्याला मिळू नये हे तुमच्या हातात आहे.

म्हणून पहिला नियम. साध्या, मोकळ्या रस्त्यावरही कडेपासून निदान अर्धा मीटर आत चालवा, वाहनं वेगाने जात असतील तर त्याहून थोडं जास्त. कडेला काच, खडी, गटाराच्या जाळ्या, डांबराचे तुटलेले काठ असतात, आणि त्यांना चुकवण्यासाठी तुम्ही ऐनवेळी उजवीकडे झुकता. मागच्याला न कळवता असं झुकणं हा सायकलवाल्याच्या हातून होणारा सगळ्यात महागडा प्रमाद आहे. अर्धा मीटर आत असलात की ते झुकणं लागत नाही, आणि कुणी जवळून गेलंच तर सरकायला डावीकडे जागा उरते. ती राखीव जागा आहे. रोज वापरून संपवायची नाही.

आणि जिथे रस्ता अरुंद होतो, पूल येतो, वळण आंधळं असतं, कडेला बांधकामाचे अडथळे असतात, तिथे सरळ लेनच्या मधोमध या. पहिल्यांदा हे ऐकल्यावर सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतात. पण मधोमध असलेल्या सायकलला मागचा चालक एका वाहनासारखं वागवतो. त्याला ओव्हरटेक करायचं असेल तर दुसऱ्या लेनमध्ये जावं लागतं, आणि ती मोकळी नसेल तर थांबावं लागतं. घासून जाण्याचा तिसरा पर्यायच राहत नाही. हे माझं खासगी मत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्ता-नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, २०२२ साली झालेल्या बदलांत शांत रस्त्यांवर, मंद वाहतुकीत आणि अरुंद होत जाणाऱ्या जागी सायकलस्वाराने लेनच्या मध्यभागी चालवावं असं स्पष्ट सांगितलं आहे. ओव्हरटेक करताना सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवावं, असा नियम किंवा सूचना आज बऱ्याच देशांत आहे. पण मधे येऊन तिथेच ठाण मांडून बसायचं नाही. अरुंद भाग संपला की डावीकडे सरका, मागच्याला हाताने ‘जा’ अशी खूण करा. मी हे न चुकता करते. त्या खुणेने मागच्या माणसाचा राग किती निवळतो ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

आता खरी अडचण. मधे यायचं म्हणजे आधी मागे बघायचं, आणि मागे बघितलं की सायकल वळते. नव्या माणसाचं हँडल मान जिकडे जाईल तिकडे जातं. उजवीकडे मागे बघायला गेलात की सायकल दोन फूट उजवीकडे, नेमकी नको तिथे. म्हणून ही एक गोष्ट रस्त्यावर न शिकता मैदानात शिका. जमिनीवर खडूने किंवा चुन्याने २०-२५ मीटरची सरळ रेघ ओढा. रेघेवरून चालवताना उजवा हात हँडलवरून उचलून मांडीवर ठेवा, हनुवटी उजव्या खांद्याला टेकवा, मग डोळे मागे न्या. हात हँडलवर नसला की खांदा वळला तरी हँडल ओढलं जात नाही, हेच त्यातलं मर्म. मित्राला मागे उभा करा, त्याने बोटं दाखवायची, तुम्ही मोठ्याने आकडा सांगायचा. पुष्कळ जण मान वळवतात पण बघत काहीच नाहीत, आणि बोटं मोजायला लावली की ते लगेच उघडं पडतं. रेघ न सोडता सलग दहा वेळा आकडा बरोबर आला की तुम्ही रस्त्यावर जायला तयार आहात. माझ्याकडे येणाऱ्यांना साधारण दोन सकाळी लागतात.

या मागे बघण्याचा आणखी एक फायदा आहे. मागच्या चालकाला तुमचा चेहरा दिसतो. पाठ दिसते तोवर तुम्ही रस्त्यातला अडथळा असता. चेहरा दिसला की माणूस होता. मागे बघितलं, हात दाखवला आणि मग हळूहळू सरकलात, तर दहातले आठ जण आपोआप वेग कमी करतात. उरलेल्या दोघांसाठी दुसऱ्यांदा मागे बघायचं.

यातच आरशाचं उत्तर आलं. आरसा जरूर लावा. मागे काय शिजतंय याचा सतत अंदाज राहतो आणि हॉर्नला दचकणं कमी होतं. पण सायकलचा आरसा इवलासा असतो, थरथरतो, आणि नेमकी शेजारी आलेली स्कूटर त्यात दिसत नाही. लेन बदलायच्या आधी मान वळवायलाच हवी.

आता दार. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः यात सापडले होते. चौथं वर्ष असेल. सकाळची वेळ, ओळीने उभ्या गाड्या, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून बऱ्या वेगात चालले होते. एक दार उघडलं. दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, फक्त टोकाला. मला वाटायचं की दार लागलं तर आपण दारावर आपटू. तसं होत नाही. हँडलचं डावं टोक अडलं की पुढचं चाक झटक्यात डावीकडे वळतं, पण तुमचं शरीर पुढेच जात असतं, आणि तुम्ही उजव्या अंगाला, म्हणजे वाहत्या रस्त्यात फेकले जाता. डाव्या हाताची करंगळी मोडली, उजवा गुडघा सोलवटला. मागचा टेम्पो लांब होता म्हणून एवढ्यावर निभावलं. गाडीतला माणूस भला होता, हादरून गेला होता, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, मी आरशात बघितलं होतं हो. त्याने बघितलंही असेल. मी गाडीला इतकी खेटून होते की त्याच्या आरशात मी होतेच कुठे?

दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. म्हणून उभ्या गाड्यांच्या रांगेपासून तुमच्या हँडलचं टोक निदान एक मीटर दूर हवं. जागा असेल तर सव्वा-दीड. रांगेत दोन गाड्यांची जागा रिकामी दिसली की आत शिरायचं आणि पुढची गाडी आली की पुन्हा बाहेर यायचं, असं नागमोडी चालवू नका. प्रत्येक वेळी बाहेर येताना तुम्ही मागच्याला नवा धक्का देता. एक सरळ रेघ धरा. गाडीत डोकं दिसतंय का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, चाकं रस्त्याकडे वळलेली आहेत का, हे बघत जा. पण त्याच्या भरवशावर अंतर कमी करू नका. काळ्या काचा आणि उंच सीट यांमुळे आत कोण आहे हे अनेकदा कळतच नाही. एवढं अंतर ठेवणं शक्यच नसेल तर माणूस भरभर चालतो त्या वेगाने जा. तेवढ्या वेगात दार उघडलं तरी थांबता येतं.

आणि एकदम दार उघडलंच, मागे बघायला वेळ नाही, तर काय करायचं? दोन्ही ब्रेक दाबायचे, सरळ रेषेत. डोळे मिटून उजवीकडे फेकायचं नाही. तुमच्या बाबतीत मागे स्कूटर होती म्हणून कोपरावर भागलं, ट्रक असता तर हा प्रश्न तुम्ही लिहिला नसता. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दाराच्या पट्ट्याबाहेरून चालवलं की हा निर्णय घ्यायची वेळच येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. स्वतः गाडीत बसता तेव्हा दार त्या बाजूच्या हाताने न उघडता दुसऱ्या, लांबच्या हाताने उघडा. धड आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. याला ‘डच रीच’ म्हणतात. घरातल्या सगळ्यांना ही सवय लावा.

चौक. इथे सगळ्यात वाईट जागा म्हणजे डावीकडे वळणाऱ्या मोठ्या वाहनाची डावी बाजू. नेहमीचं दृश्य असं असतं: सिग्नल लाल, पुढे ट्रक, आणि ट्रक व फुटपाथ यांच्यामध्ये सायकल जाईल एवढी फट. सायकलवाला मोठ्या आनंदाने त्या फटीतून पुढे जातो आणि ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ येऊन थांबतो. हिरवा दिवा लागतो, ट्रक डावीकडे वळतो.

मी शिकवते तिथे ओळखीच्या एका ट्रकचालकांना वर्षातून दोनदा विनंती करते. इंजिन बंद ट्रक मोकळ्या जागेत उभा करतात आणि प्रत्येक शिकणाऱ्याला चालकाच्या सीटवर बसवतात. मी सायकल घेऊन ट्रकच्या डाव्या बाजूला, दाराच्या जरासं मागे उभी राहते आणि ओरडून विचारते, मी कुठे आहे? आरशात शोधतात, काचेतून वाकून बघतात, सापडत नाही. मग मी ट्रकच्या अगदी पुढे, बंपरला टेकून उभी राहते. तिथेही दिसत नाही. खाली उतरतात तेव्हा चेहरे बदललेले असतात. त्यानंतर ट्रक हळू चालवत डावीकडे वळवून दाखवतात आणि आम्ही जमिनीवरचे चाकांचे माग बघतो. मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपरा कापत जातात. वाहन जितकं लांब तितका हा फरक जास्त. पुढचं चाक कोपऱ्यापासून लांबून गेलं म्हणून निश्चिंत झालेला माणूस मागच्या चाकाखाली येतो तो यामुळे. आणि लांब वाहन डावीकडे वळण्याआधी बऱ्याचदा थोडं उजवीकडे जातं. ते बघून वाटतं की हा उजवीकडे चाललाय, आणि फट रुंद झाल्यासारखी दिसते. ती फट म्हणजे सापळा आहे.

म्हणून थांबलेल्या बस-ट्रकच्या डावीकडून पुढे जायचंच नाही. इंडिकेटर लागलेला असो वा नसो. मागे थांबा, तेही लेनच्या मधोमध, म्हणजे तुमच्या डावीकडून कुणी घुसणार नाही आणि ट्रकचालकाच्या दोन्ही आरशांपैकी एकात तरी दिसाल इतक्या अंतरावर. आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, हे मोजमाप पक्कं लक्षात ठेवा. हीच गोष्ट छोट्या गाड्यांशीही होते, फक्त वेगळ्या रीतीने: गाडी तुम्हाला ओव्हरटेक करते आणि लगेच डावीकडे वळून कट मारते. त्यावर उपाय पुन्हा जागेचाच. चौकाच्या २०-३० मीटर आधी मागे बघून लेनच्या मधे या. तुमच्या पुढे जाऊन वळायला त्याला जागाच नसेल तर तो मागे थांबून वळतो.

डाव्या बोळातून बाहेर येऊ पाहणारी गाडी दिसली की नवखे सायकलवाले चालकाच्या डोळ्यांकडे बघतात, आणि नजरानजर झाली की सुटलो असं समजतात. मी त्याच्यावर विसंबत नाही. माणसाची नजर एका बाजूकडून दुसरीकडे उडी मारते तेव्हा त्या उडीपुरतं मेंदू चित्र घेतच नाही, आणि सायकलसारखी अरुंद वस्तू नेमकी त्या दोन उड्यांच्या मधे हरवू शकते. शिवाय समोरच्या काचेच्या कडेचा जो खांब असतो, त्याच्याआड अख्खी सायकल झाकली जाते, आणि गाडी व सायकल एकाच बिंदूकडे येत असतील तर ती बराच वेळ झाकलेलीच राहते. चालक प्रामाणिकपणे सांगतो की मी बघितलं, कुणी नव्हतं. त्यामुळे डोळे सोडा, गाडीचं पुढचं चाक बघा. गाडी हलायला लागली की रिमच्या आऱ्यांचं फिरणं सगळ्यात आधी दिसतं, बॉनेट पुढे आलेलं नंतर कळतं. आणि अशा प्रत्येक बोळापाशी पॅडल मारणं थांबवून बोटं ब्रेकवर आणा.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायला भीती वाटत असेल तर वळूच नका. सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्याला थांबा, सायकल वळवा आणि दुसऱ्या बाजूच्या हिरव्या दिव्याबरोबर निघा. अर्धा-एक मिनिट जास्त जातं. दोन-तीन चौकांत मी आजही असंच करते.

ब्रेकबद्दल एक खोटी शिकवण लहानपणापासून डोक्यात असते, की पुढचा ब्रेक दाबला तर उलटून पडशील. त्यामुळे निम्मे लोक फक्त मागचा ब्रेक वापरतात. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं आणि थोड्याच जोरात घसरतं. थांबवण्याचं काम मुख्यतः पुढचाच ब्रेक करतो. कोरड्या रस्त्यावर २० किलोमीटरच्या वेगाला दोन्ही ब्रेक नीट लावले तर सुमारे साडेतीन मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागच्यावर त्याच्या जवळपास दुप्पट लागतं. यात धोका कळून बोटं दाबेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. त्या वेगाला तो साडेपाच मीटर खातो. म्हणजे एकूण नऊ मीटर. ३० च्या वेगाला हाच हिशेब पंधरा-सोळा मीटरवर जातो. मैदानात याचाही सराव करा: सीटवर मागे सरकायचं, हात ताठ, दोन्ही ब्रेक वाढत्या जोराने, झटका न देता. एक जण म्हणाले होते, माझा पुढचा ब्रेक जपून ठेवलाय. तो जपायचा नाही.

पाऊस पडला की हे आकडे विसरा. रिमवर ब्रेक असतील तर पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, म्हणून चौक यायच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्या. बऱ्याच दिवसांनी येणाऱ्या पावसाची पहिली सर सगळ्यात घसरडी असते, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते. मॅनहोलची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि ओली पानं यांच्यावर ना वळायचं ना ब्रेक मारायचा, सरळ वाहत जायचं. आणि डबकं म्हणजे तळ न दिसणारा खड्डा असंच धरून चाला. रूळ ओलांडताना चाक शक्य तितकं काटकोनात न्या, नाहीतर टायर खोबणीत अडकतो आणि माणूस कळायच्या आत खाली असतो. चालण्याच्या दिशेत लांबट फटी असलेल्या गटाराच्या जाळ्याही तशाच.

दिसण्याबद्दल. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, आणि ढग असतील तर दिवसाही. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून मी मागे दोन दिवे लावते, एक स्थिर, एक लुकलुकता. भडक पोपटी-पिवळं जाकीट हे दिवसा आणि संधिप्रकाशात उपयोगी, कारण ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी झळकतं. रात्री ते साध्या कापडाइतकंच. रात्री हवी परावर्तक पट्टी, आणि ती पाठीपेक्षा घोट्यांवर बांधा. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की मागच्याला लांबूनच कळतं की हा पॅडल मारणारा माणूस आहे.

हेल्मेट घाला, पण त्याच्याकडून अपेक्षा योग्य ठेवा. युरोपातल्या मानकाप्रमाणे त्याची चाचणी होते ती सपाट पृष्ठभागावर ताशी जेमतेम २० किलोमीटरच्या आपटण्याची, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडण्याएवढी. घसरून पडलात तर ते डोकं वाचवू शकतं. ट्रकशी धडक झाली तर फार काही करू शकत नाही. आतला फोम एकदा चेपला की चेपला, बाहेरून चरा नसला तरी जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. कानात इयरफोन नकोत. मागून येणारं जड वाहन कानाला बऱ्याचदा आरशाच्या आधी कळतं.

आता फुटपाथ. ती जागा चालणाऱ्यांची आहे, आणि ठिकठिकाणी तिथे सायकल चालवणं बेकायदाही असतं. पण तेवढ्यासाठी नव्हे, तुमच्या जिवासाठीही तिथे जाऊ नका. गेटातून गाडी बाहेर काढणारा फुटपाथवर पायी चालणाऱ्याची अपेक्षा ठेवून बघतो. तुम्ही त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने, भिंतीच्या आडून येता. प्रत्येक गेट तुमच्यासाठी एक आंधळा चौक होतो, आणि फुटपाथ संपला की तुम्ही रस्त्यावर अचानक प्रकट होता. राँग साइडचंही तेच. समोरून येणारं दिसतं म्हणून बरं वाटतं. पण तुम्ही २० ने आणि गाडी ४० ने असेल तर एकाच दिशेत तुमच्या वेगांत फरक २० चा असतो, उलट्या दिशेत तो ६० होतो. आणि बोळातून निघणारा तुमच्या बाजूला बघतच नाही.

कुणी मुद्दाम हॉर्न वाजवत मागे लागला, शिवी दिली, तर उत्तर देऊ नका. सुरक्षित जागा दिसली की बाजूला थांबा आणि त्याला पुढे जाऊ द्या. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. पुढच्या सिग्नलला जाऊन जाब विचारल्याने एकही चालक सुधारलेला मी बघितलेला नाही, उलट पुढचे दहा मिनिटं माझंच लक्ष रस्त्यावर राहिलेलं नाही.

राहिला तुमचा रस्ता. गाडीने जाताना जो सगळ्यात जवळचा, तोच सायकलसाठी योग्य असं नसतं. पण बहुतेक जण सवयीने तोच धरतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघा आणि आतल्या गल्ल्यांमधून जाणारा दुसरा रस्ता शोधा. ९ चे साडेदहा किलोमीटर झाले तरी चालतील, सहा-सात मिनिटांचा प्रश्न आहे. बस दाबते तो तुकडा टाळता आला तर टाळा. नाहीच टाळता आला तर तिथे थांबून नीट बघा: लेन कुठून अरुंद होते, बसथांबा कुठे आहे, मधे यायला कुठून सुरुवात करायची. थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून कधीच जाऊ नका, प्रवासी थेट चाकापुढे उतरतात. उजवीकडून जायचं तर आधी मागे बघून, आणि बसचा उजवा इंडिकेटर लागला की मागेच थांबायचं. या सोमवारी पंधरा मिनिटं लवकर निघा, म्हणजे घाईत फटी शोधायचा मोह होणार नाही. त्याआधी मात्र त्या खडूच्या रेघेवर दोन सकाळी घालवा. आकडा सलग दहा वेळा बरोबर यायला हवा.